तोंडावर पाणी

पुएर्तो मोंत. इस्पितळाचं थिएटर चार.
एलेउतेरिओ वेन्चूर, वय एकोणसाठ,
चिलोएच्या बेटांवरचा पाणबुड्या, समुद्रतळाचे शिंपले काढणारा,
माझ्या भुलीखाली कुशीवर झोपला आहे.
मी त्याच्या पायांशी.
डोकं आज बास्तियासचं.

गाठ कानामागे खोल, तांबूस,
त्याच्याच बेटावरच्या लहान बटाट्याएवढी.
चेहऱ्याची नस तिच्यावर ताणून पसरलेली,
इतकी चपटी, की नस कुठे संपते
आणि गाठ कुठे सुरू होते
ते सूक्ष्मदर्शकालाही दोनदा विचारावं लागतं.

दोन तास काही नाही.
बहात्तर. एकाहत्तर. बहात्तर.
मिरेया लेकीच्या दाताच्या डॉक्टरचं काहीतरी सांगत होती.

मग चिमटा नसेला लागला.
लागला म्हणजे काय, फुंकर लागावी इतकाच.
अठ्ठावन्न.
एकेचाळीस.
सव्वीस.
पुढे आकडाच नाही,
एक हिरवी रेघ, सरळ,
वारा पडल्यावर खाडी दिसते तशी.

"हात काढ," मी म्हणाले.
(ओरडले, असं मिरेया म्हणते.)
बास्तियासने हात काढला.

काळजाचा ठोका चुकला, आपण किती सहज म्हणतो,
जिना उतरताना, रात्री फोन वाजल्यावर.
इथे अकरा चुकले,
आणि मी एकेक मोजला.

बाराव्याला रेघ उचकली.
मग तो परत आला, कुरकुरत,
कोणी भलत्या वेळी उठवल्यासारखा.

माणूस बेशुद्ध पडला की तोंडावर पाणी मारतात.
पण चेहऱ्याच्या आत हीच नस
पाणी लागलं की उलटा निरोप धाडते,
मेंदूच्या देठाला, तिथून थेट काळजाला:
खाली चाललोय आपण,
हवा थोडी आहे, जपून खर्च कर.
सीलला हे येतं. तान्ह्या पोरालाही येतं.
चिमट्यातलं आणि समुद्रातलं अंतर
नसेला कळत नाही.
तिला कोण सांगणार
की इथे हवा नळीने येते आहे, मोजून, माझ्या हातून?

तसं त्याचं आयुष्यच नळीवर गेलेलं.
बोटीवर कॉम्प्रेसर, दातांत रबर,
खाली काळोख आणि हात.

दुसऱ्यांदा तीस.
अ‍ॅट्रोपिन दिलं.
तिसऱ्यांदा पुन्हा रेघ.
मिरेया हिरव्या कापडाखाली छाती चाचपत होती,
डोकं तीन खिळ्यांत पकडलेल्या,
कुशीवरच्या माणसाची छाती
दाबायची कुठून?
दाबावी लागली नाही.
पण तिचा हात तिथेच राहिला, बराच वेळ.

बास्तियास सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता म्हणाला,
"एवढं राहू दे."
नखाएवढी गाठ नसेवरच ठेवून
आम्ही बाहेर आलो.
बरोबर केलं का, ते दर वर्षी फोटो काढून बघायचं.

बाहेर त्याची बायको, रोसाल्बा,
मांडीवर थर्मास, पायांत रबरी बूट.
सगळं सांगितलं. राहिलेल्या नखाचंही.
तिने एकच विचारलं:
"किती वेळ थांबलं?"
"अकरा सेकंद. मग पुन्हा नऊ."
ती मनात कसलीशी बेरीज करत राहिली.
"नळी अडकली होती एकदा, गुआफोला," ती म्हणाली,
"तेव्हा मी बोटीवर नव्वद मोजले होते."
आणि थर्मासचं झाकण उघडून
तिने मला चहा दिला,
जणू जीव मुठीत धरून बसायची पाळी
आज माझी होती, तिची नव्हे.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले.
उजवा गाल बधिर, सूप ओघळतंय
आणि त्याला पत्ता नाही.
नर्सने गार पाण्यात कापड पिळलं
आणि त्याच्या तोंडावरून फिरवलं,
दोन्ही गालांवरून, सावकाश.

मी त्याच्याकडे बघायचं सोडून
मॉनिटरकडे बघत होते.
सत्तर. एकोणसत्तर.
सत्तर.